‘तू तरी मला फसवू नगंस’

पत्र असं आहे. ओळख पटेल असे तपशील काढले आहेत, थोडं आखूडही केलं आहे.

‘डॉक्टर, नमस्कार. माझ्या सासूबाई ७६ वर्षांच्या. आम्ही सातारा जिल्ह्यातल्या एका गावात राहतो. दिवाळीनंतर त्यांना कावीळ झाली, अंगाला खाज सुटली, वजन उतरलं. तपासण्यांमध्ये स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला, तो यकृतातही गेलेला होता. दुर्बिणीतून स्टेंट टाकली, कावीळ उतरली. केमो त्यांना झेपणार नाही आणि उपयोगही फारसा नाही, असं मोठ्या डॉक्टरांनी माझ्या मिस्टरांना आणि पुण्याच्या दिरांना बाहेर बोलावून सांगितलं. तिथेच जिन्यात ठरलं की आईला कळू द्यायचं नाही, ती हाय खाईल. मिस्टरांनी मला आईची शपथ घातली. आमच्या तालुक्याच्या डॉक्टरांनाही सांगून ठेवलंय, बोलू नका. न्यू जर्सीच्या नणंदबाई रोज फोनवर विचारतात, केमो का देत नाही, दुसरीकडे का दाखवत नाही. घरात सगळे कावीळच म्हणतात, म्हणून काविळीचं पथ्य चालू आहे. तेल नाही, तिखट नाही, मुगाचं वरण आणि मऊ भात. तो त्यांच्या घशाखाली उतरत नाही. भाकरी आणि ठेचा मागतात. रात्री पाठीत कळा येतात, उशी पोटाशी धरून वाकून बसतात. मी पाठ चोळते. तेव्हा विचारतात, “मला काय झालंया गं? तू तरी मला फसवू नगंस.” मी म्हणते, काही नाही आत्या, कावीळ आहे, उतरेल. बावीस वर्षांत त्यांच्याशी भांडले पुष्कळ, पण खोटं बोलले नव्हते. मी काय करू? – एक सून’

*

तुमचं पत्र वाचताना ‘तू तरी’ या दोन शब्दांपाशी मी अडले. तुम्ही ते सहज लिहून गेलात. पण ‘तू तरी’ कोण म्हणतं? बाकीचे सगळे फसवतायत हे ज्याच्या ध्यानात आलंय, तोच म्हणतो. म्हणजे सासूबाईंना कळू द्यायचं की नाही, हा प्रश्न जिन्यात ठरला त्याच आठवड्यात शिळा झाला असणार. सासूबाई आता फक्त एवढंच पाहतायत, की या घरात आपल्याशी खरं बोलणारं कुणी उरलंय का.

शपथ मोडा असं मी सांगणार नाही. मध्यरात्री पाठ चोळता चोळता कॅन्सर हा शब्द तुम्ही एकटीने उच्चारावा, असंही माझं म्हणणं नाही. तो भार तुमचा नाही. पण ‘कावीळ आहे, उतरेल’ हे वाक्य मात्र आज रात्रीपासून बंद. त्याच्या जागी काय म्हणायचं ते पुढे सांगते.

आधी तुमच्या मिस्टरांची बाजू. ‘हाय खाईल’ ही भीती खोटी नाही आणि ती प्रेमातूनच येते. मी स्वतः तीस वर्षं कऱ्हाडजवळ जनरल प्रॅक्टिस केली, त्यातली पहिली बरीच वर्षं मीही घरच्यांच्या सांगण्यावरून खुशाल खोटं बोलले. एक एसटीचे निवृत्त ड्रायव्हर होते, पोटाचा कॅन्सर. मुलांनी सांगितलं म्हणून मी ‘अल्सर’ म्हणत राहिले. एके दिवशी ते एकटेच आले आणि म्हणाले, ‘डॉक्टर, माझी बाकी किती?’ मी हसून म्हणाले, ‘घाई काय, बरे झाल्यावर द्या.’ माझ्याकडे जरा वेळ बघून ते ‘बरं’ म्हणाले आणि पैसे टेबलावर ठेवून गेले. त्या आठवड्यात ते किराणा दुकानात, पिठाच्या गिरणीत, केस कापणाऱ्याकडे, सगळीकडे जाऊन बाकी मिटवून आले होते, हे मला नंतर कळलं. माझ्याकडेही ते बोलायला म्हणूनच आले असावेत. मी दार लावून घेतलं, तेही हसत.

त्यानंतर मी पाहिलेलं सांगते. खरं कळल्यावर माणसं रडतात. एक-दोन दिवस जेवत नाहीत, भिंतीकडे तोंड करून पडून राहतात. काही जण चिडतात, आधी का नाही सांगितलं म्हणून. मग बहुतेकांचे प्रश्न अगदी व्यवहाराचे होतात: दुखेल का फार, कुणाला बोलावून घ्यायचं, पाटल्या कुणाला, म्हैस ठेवायची की विकायची. ज्याला आपण हाय खाणं म्हणतो ते मला जास्त करून दुसऱ्याच घरांत दिसलं. जिथे रोग्याला सगळं जाणवत होतं आणि बोलायला कुणी नव्हतं, तिथे.

आणि कठोर वाटेल, पण सांगते. आईला सांगायचं नाही यात आईइतकीच मुलांची स्वतःचीही काळजी असते. आई रडताना बघवणार नाही, आपल्याला काय बोलावं सुचणार नाही, ही ती काळजी. त्यात लाजण्यासारखं काही नाही, पण तिची किंमत या घरात दोन माणसं मोजतायत, तुम्ही आणि सासूबाई.

सासूबाई काय मोजतायत ते बघा. पहिलं, जेवण. लपवायला म्हणून घेतलेलं ‘कावीळ’ हे नाव आता त्यांच्या ताटात येऊन बसलंय. स्टेंट टाकून पित्ताची वाट मोकळी झाल्यावर त्यांना तेल-तिखट बंद ठेवण्याचं वैद्यकीय कारण नाही. या आजारात वजन उतरतंच, त्यात आपणच बेचव देऊन ते आणखी उतरवायचं? तालुक्याच्या डॉक्टरांना एक विचारा. शौच तेलकट, चिकट, फार वास येणारी, पाण्यावर तरंगणारी होते का? तसं असेल तर स्वादुपिंडाचा पाचकरस कमी पडतोय. त्यासाठी पँक्रियाटिनच्या कॅप्सूल मिळतात, जेवणाच्या पहिल्या घासांबरोबर घ्यायच्या. मग तेलातुपाचं पचतं. हे डॉक्टरांना सुचायला हवं होतं, पण त्यांनाही तुम्ही गप्प बसवलंय. गप्प बसवलेला डॉक्टर घरी येऊन दोन मिनिटांत निघतो, हे मी स्वतःवरून सांगते.

दुसरं, दुखणं. पोटातून पाठीत जाणारी आणि पुढे वाकलं की जरा कमी होणारी कळ ही या आजाराची अगदी ओळखीची खूण आहे. त्यावर पॅरासिटामॉल पुरत नाही. ‘काविळीला एवढ्या जोराच्या गोळ्या कशाला?’ असं सासूबाईच विचारतील, म्हणून घरच्यांनी त्या मागितल्याच नसतील, असा माझा अंदाज. मॉर्फिनची गोळी असते. मॉर्फिन म्हटलं की घरात शेवटची घंटा वाजल्यासारखं होतं, पण ते शेवटचं औषध नाही, दुखण्याचं औषध आहे. साधी गोळी दर चार तासांनी घ्यायची, कमी डोसापासून सुरू करायची, घड्याळ लावून द्यायची, दुखेपर्यंत वाट बघायची नाही. पहिले दोन-तीन दिवस गुंगी आणि थोडी मळमळ वाटते, मग शरीर सरावतं. बद्धकोष्ठ मात्र ठरलेला, म्हणून पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून सोबत हवं. डॉक्टरांच्या देखरेखीखाली दुखण्यापुरतं दिलं तर त्याने माणूस लवकर जात नाही. व्यसनाची भीतीही या दुखण्यात धरू नये. गोळ्यांनी भागत नसेल तर पोटाच्या मागच्या मज्जातंतूंच्या जाळ्यात इंजेक्शन देऊन कळ बधिर करता येते. त्यासाठी पेन स्पेशालिस्टकडे जावं लागतं.

मॉर्फिन प्रत्येक मेडिकलमध्ये मिळत नाही. १९८५च्या अमली पदार्थांच्या कायद्यामुळे दवाखान्यांना ते ठेवणंच नकोसं झालं होतं. २०१४मध्ये कायदा बदलून परवान्यांचा गुंता कमी केला, तरी तालुक्याला मिळेलच असं नाही. जिल्हा रुग्णालयात पॅलिएटिव्ह केअरचा, म्हणजे दुखणं आणि त्रास कमी करणाऱ्या उपचारांचा, विभाग किंवा वॉर्ड आहे का, असं विचारा. सरकारी कागदांत याला ‘उपशामक उपचार’ वगैरे म्हणतात, पण खिडकीवर तुम्ही पॅलिएटिव्हच म्हणा. गावच्या आरोग्य उपकेंद्राचं आता आयुष्मान आरोग्य मंदिर झालंय, तिथल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांनाही विचारा. म्हाताऱ्या आणि अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांकडे बघणं त्यांच्या कामात बसतं. दीर पुण्यातच आहेत, तर त्यांनी वारज्याच्या सिप्ला पॅलिएटिव्ह केअर सेंटरमध्ये एक चक्कर टाकावी. १९९७पासून ते कॅन्सरच्या रुग्णांसाठी चालू आहे, पैसे घेत नाहीत, आणि रुग्णासोबत घरचं माणूस राहू शकतं. दुखणं आटोक्यात आणून, घरच्यांना शिकवून, रुग्णाला घरी पाठवतात. ‘मरायला ठेवायची जागा’ असा गैरसमज घेऊन जाऊ नका म्हणावं.

आणखी एक, हे मिस्टरांना आजच सांगा. स्टेंट कायमची मोकळी राहत नाही. प्लॅस्टिकची असेल तर साधारण तीन महिन्यांत तुंबू शकते, धातूची जास्त टिकते. कोणती टाकलीय ते डिस्चार्जच्या कागदावर असेल. थंडी वाजून ताप आला किंवा डोळे पुन्हा पिवळे दिसले, तर सकाळची वाट बघायची नाही, त्याच दिवशी हॉस्पिटल. आणि ‘उतरेल’ म्हटलेली कावीळ पुन्हा चढली, तर तुम्ही त्यांना काय सांगणार, हेही मिस्टरांना विचारा.

आता रात्रीचं. पुढच्या वेळी त्यांनी विचारलं की उत्तर द्यायची घाई करू नका. हात थांबवा, समोर येऊन बसा. विचारा, ‘आत्या, तुम्हाला काय वाटतंय?’ मग गप्प राहा. ही गप्प राहण्याची दोन मिनिटं फार लांब वाटतात, पण तीच कामाची. त्या म्हणतील, ‘मला तर काय खरं दिसत न्हाई.’ किंवा शेजारच्या गावच्या कुणाचं नाव घेतील, जी अशीच पिवळी होऊन गेली. त्यावर ‘असं काय बोलता’ म्हणून तोंड बंद करू नका. म्हणा, ‘तुम्हाला भीती वाटतेय.’ आणि मग, ‘तुम्हाला सगळं ऐकायचंय का, की यांनी आणि भाऊजींनीच बघावं असं वाटतंय?’

सगळा कारभार या एका प्रश्नावर आहे. ‘ऐकायचंय’ म्हणाल्या तर म्हणा, ‘मला नीट सांगता यायचं नाही. डॉक्टरांना घरी बोलावते, तुमच्यासमोर सांगतील. तोवर मी खोटं बोलणार नाही.’ यात शपथ मोडत नाही आणि खोटंही नाही. पण ‘नगं बाई, तुमचं तुम्ही बघा’ असं म्हणाल्या, तर तोही त्यांचा हक्कच आहे. काहींना खरंच तपशील नको असतो. मग रेटून सांगायचं नाही. फक्त महिन्याभराने पुन्हा एकदा विचारायचं, कारण माणसाचं मन बदलतं. सांगू नये हा निर्णय त्यांनी घेतला तर तो निर्णय झाला. जिन्यात तुमच्या घरच्यांनी घेतला तो त्यांना न विचारता.

मिस्टरांशी कसं बोलायचं? चिडून नको, आणि ‘डॉक्टरांनी पेपरात लिहिलंय’ असंही नको, नवऱ्यांना ते चालत नाही. एवढंच म्हणा, ‘अहो, आत्या रोज रात्री मला विचारतात. मला आता जमत नाही. तीन रात्री तुम्ही त्यांच्याजवळ झोपा.’ शपथ ज्याने घातली त्याने तीन रात्री पाठ चोळावी. कदाचित सासूबाई मुलाला विचारणारही नाहीत, मुलाला त्रास नको म्हणून. पण उशी धरून वाकलेली आई त्यांना रात्री दोन वाजता दिसेल. माझ्या दहा वाक्यांपेक्षा ते दिसणं जास्त काम करेल. चौथ्या दिवशी डॉक्टरांना बोलवायचा विषय काढा.

डॉक्टरांना मिस्टरांनी स्वतः जाऊन ‘आता बोला’ असं सांगायला हवं. डॉक्टर कचरत असतील तर आठवण करून द्यायला हरकत नाही. डॉक्टरांच्या आचारसंहितेचे २००२चे नियमच म्हणतात, आजाराचं गांभीर्य वाढवून सांगू नये आणि कमी करूनही सांगू नये. आणि शुद्धीवर असलेल्या, समजूतदार प्रौढ माणसाच्या उपचाराला संमती त्याचीच लागते, घरच्यांची चालत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००८मध्ये समीरा कोहली खटल्यात सांगितलंय. स्टेंटच्या फॉर्मवर सही कुणाची आहे, बघा एकदा. भांडायला नाही, पुढच्या वेळेसाठी.

बोलणं घरीच व्हावं, सासूबाईंच्या खाटेजवळ, सकाळी, गोळी घेऊन दुखणं कमी असताना. टीव्ही बंद, मोबाईल दुसऱ्या खोलीत. डॉक्टरांनी बसायचं, उभं राहून नाही. अमेरिका-कॅनडातल्या डॉक्टरांनी २००० साली वाईट बातमी सांगण्याची सहा पायऱ्यांची एक पद्धत मांडली. तिच्यात सांगणं चौथ्या पायरीवर येतं. त्याआधी जागा धरणं, रोग्याला काय वाटतंय ते विचारणं, किती ऐकायचंय ते विचारणं. आपल्याकडे पहिल्या तीन पायऱ्या जिन्यात उरकतात आणि चौथी होतच नाही. डॉक्टर म्हणतील, ‘आजी, ही नुसती कावीळ नव्हती. आत गाठ आहे, साधी नाही.’ मग थांबायचं. ‘कॅन्सर का?’ असं त्यांनीच विचारलं तर ‘हो.’ त्यानंतरचं त्या दिवशी फारसं कानात जाणार नाही, ते दुसऱ्या दिवशी पुन्हा सांगावं लागेल. ‘आता काही करण्यासारखं नाही’ हे वाक्य कुणाच्याही तोंडून येता कामा नये. ते खरंही नाही. दुखणं थांबवायचंय, झोप आणायचीय, जेवण गोड करायचंय, माणसं जमवायचीत. ‘किती दिस?’ असं विचारलं तर आकडा नको. दिवस, आठवडे की महिने, एवढं सांगतात. केमोविना अशा पसरलेल्या आजारात बहुतेकदा हिशेब महिन्यांचाच असतो, वर्षांचा नाही.

तुम्ही त्या वेळी खोलीत हव्यात. चहा करायला जाऊ नका. चहा दिरांना ठेवू दे.

खरं कळल्यावरच सासूबाईंना स्वतःचं काही ठरवता येईल. शेवटी आयसीयू, व्हेंटिलेटर हवं की घरीच राहायचं? २०१८पासून आपल्याकडे हे आधी लिहून ठेवता येतं आणि २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याची रीत सोपी केली. दोन साक्षीदार, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची सही पुरते. लिहिणार नसतील तर निदान सगळ्यांसमोर बोलून दाखवू देत. नाहीतर त्या वेळी पुन्हा जिनाच.

राहिल्या नणंदबाई. अमेरिकेतल्या डॉक्टरांमध्ये एक जुना वाक्प्रचार आहे, ‘कॅलिफोर्नियाहून आलेली मुलगी’. लांबून येते आणि सगळं करा म्हणून हट्ट धरते, ती. खुद्द कॅलिफोर्नियात म्हणे तिला न्यूयॉर्कची मुलगी म्हणतात. तेव्हा हे काही आपल्याच घराचं नाही. लांब असलेल्या लेकीचा जीव तुटतो आणि तिच्या हातात फोनशिवाय काही नसतं, म्हणून ती केमो केमो करते. तिची समजूत घालणं तुमचं काम नाही, वहिनीचं ऐकून ती शांत होणारही नाही. सगळे रिपोर्ट तिला पाठवा आणि तिचं मोठ्या डॉक्टरांशी थेट बोलणं ठरवून द्या. दुसरं मत हवं असेल तर कागदांवर घेता येतं, आईला गाडीत घालून फिरवायला नको. आणि एक गोष्ट भावानेच बहिणीला स्पष्ट सांगावी: तिकीट आत्ता काढ. आई बोलतेय, ओळखतेय, भांडतेय, तोवर ये. नंतर येऊन उपयोग नाही. तोपर्यंत रोज ठरलेल्या वेळी आईशी व्हिडिओवर बोलायचं, रिपोर्टबद्दल नाही, लहानपणाबद्दल. रडू आलं तर येऊ दे, आईसमोरच येऊ दे.

तुम्ही बावीस वर्षं भांडलात, हे पत्रात तुम्ही थोडं ओशाळून लिहिलंय. मला ते वाचून बरं वाटलं. ज्या सुनेशी भांडता येतं तिच्याकडूनच खरं निघेल, असा त्यांचा हिशेब असणार, म्हणून त्या तुम्हाला विचारतात. मुलांना नाही, लेकीला नाही. दुपारी तासभर दुसऱ्या कुणाला बसवून तुम्ही झोपा. जावेला आठवड्यातून दोन दिवस यायला सांगा. तुम्हाला झोप नसेल तर रात्री तोंडातून काय निघेल याचा भरवसा नाही.

डॉक्टर घरी यायला चार-पाच दिवस तरी जातील. ठेच्याला तोवर थांबायचं कारण नाही. मिरच्या तव्यावर भाजून, जरा जास्त तेल, लसूण, शेंगदाणे घालून जाडसर करा. पोटभर नको, बोटभर. भाकरी ताजी आणि पातळ. कोणी ‘काविळीला तिखट?’ म्हणालं, तर माझं नाव सांगा.